कागदात नसलेली कॉफी

व्हेस्टरबी,
१४ नोव्हेंबर १९५४

ती. थीराताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. इकडे पश्चिमेच्या वाऱ्याने गोठ्याची दोन कौलं नेली, बाकी सगळं ठीक. एलिनोरचा खोकला थांबला.

आईला वृद्धाश्रमात जाऊन आज सहा आठवडे झाले. शेत माझ्या नावे करताना, आईला मी काय काय द्यायचं याचा वकिलाने केलेला कागद मी काल पुन्हा काढून वाचला. बागेकडची उबदार खोली, रोज एक लिटर दूध, आठवड्याला अर्धा पौंड लोणी, जळणाला दलदलीतल्या वाळक्या पीट-मातीची दोन पोती, रविवारी चर्चला जायला गाडी. ताई, यातलं मी काय चुकवलं? तरी एक दिवस ती पेटी भरून निघाली. कारण विचारलं तर म्हणाली, तिथे पत्ते खेळायला माणसं आहेत. आईला पत्त्यांचा किती कंटाळा, हे तुला ठाऊक आहेच.

वृद्धाश्रमाच्या त्या टेकडीवर पूर्वी निराधारांचा गरीबखाना होता. डेअरीत मला पाहिलं की लोक बोलता बोलता गप्प होतात. म्हणून मी दर शनिवारी कागदाप्रमाणे सगळं तिकडे पोचवतो. काल तिथल्या मुख्य बाई म्हणाल्या की आमच्या खोल्या गरम पाण्याच्या नळांनी तापतात, पीट परत न्या. मी नेलं नाही. तूच आईला समजाव. मला ती घरी हवी आहे.

लोभ आहे तो या थंडीत गारठू देऊ नकोस.

तुझा,
लॉरिड्स


ऑर्हूस,
१९ नोव्हेंबर

चि. लॉरिड्स यास,
अनेक आशीर्वाद.

पीटची पोती वाचून मी वॉर्डात एकटीच हसत सुटले, मग डोळ्यांत पाणी आलं. अरे गाढवा, गरीबखान्यात गेलेल्या माणसाला मतसुद्धा देता येत नसे. आई पुढच्या निवडणुकीला नवी टोपी घालून जाणार आहे. मी इथे पंधरा वर्षं म्हातारी माणसं सांभाळते. टाकलेलं माणूस कसं दिसतं ते मला कळतं, आई त्यांतली नाही.

आईला फोन केला होता. मला ती काहीच सांगेना. सुनेला, एलिनोरला लिहिते म्हणाली, तुला नाही. तेव्हा मुकाट्याने वाट बघ, आणि शनिवारी पोती नेऊ नकोस. मुलांना माझे पापे.

तुझी,
थीराताई


टेकडी, व्हेस्टरबी,
२५ नोव्हेंबर

चि. सौ. एलिनोर हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हे पत्र लॉरिड्सला वाचून दाखवायचं की नाही, ते तू ठरव.

मी तुझ्यावर रागावून आले नाही. माझ्या सासूबाईंचाही असाच कागद होता. एकोणीस वर्षं मी त्यांना त्यातलं सगळं दिलं, लोणी तराजूत तोलून. गावात माझं नाव होतं. शेवटच्या हिवाळ्यात एका दुपारी त्या स्वयंपाकघराच्या दारात आल्या आणि तुझ्याबरोबर कपभर कॉफी घेऊ का, असं विचारलं. मी म्हटलं, कॉफी कागदात नाही. त्या पुन्हा कधी त्या दारात आल्या नाहीत. मार्चमध्ये गेल्या. मी फार वाईट वागले, एलिनोर, आणि हे आजवर कुणाला सांगितलं नाही.

सप्टेंबरात तू तराजूपाशी उभी होतीस. लोणी थोडं जास्त झालं, ते तू सुरीने काढलंस, मग मला पाहून लाजलीस. तुझ्या मनात खोट नव्हती, पोरी. माझ्याही नव्हती. पण तो कागद असेपर्यंत तू आणि मी तराजूपाशीच भेटणार, हे मला त्या क्षणी कळलं.

काल वकील येऊन गेला. माझे सगळे हक्क सोडल्याची सही मी केली आहे. आता तुम्ही मला काही देणं लागत नाही. लॉरिड्सचं पीट माळ्याने बागेत घातलं, तो खूश आहे.

माझी खोली लहान आहे, पण खिडकीतून आपलं धुराडं दिसतं. रविवारी दुपारी मी टेबलावर दोन कप मांडून ठेवणार आहे. यायलाच हवं असं कुठे लिहिलेलं नाही. आलीस तर कॉफी घेऊन ये.

तुझी,
आई