पांढऱ्या मानेची पाहुणी

रविवार, ११ जानेवारी

कॉलनीमागच्या तळ्यावर आज मोठी टिबुकली दिसली. आपली नेहमीची गबदुल टिबुकली नव्हे. लांब, सरळ, पांढरी मान, डोक्यावर काळी टोपी, गुलाबी चोच. पुस्तकात पुन्हा पुन्हा पडताळलं, तीच. नांदूरमध्यमेश्वरचं अभयारण्य सोडून आमच्या डबक्यात कशाला आली असेल? मावळतीच्या उजेडात बुडी मारायची आणि भलतीकडेच वर यायची. तोवर मीही श्वास रोखून, जणू मीच पाण्याखाली.

फाटकाशी जोशीकाका भेटले. हातात शेवेची पुडी. पाखरांना शेव घालणं हे त्यांचं पुण्यकर्म.

"काय हो, काही विशेष?"

जीभ शिवशिवली. पण काकांना कळलं की ग्रुपवर जाणार, आणि उद्या अख्खी कॉलनी शेव घेऊन काठावर. मग कुठली ती मान!

"काही नाही, बदक आहे," म्हणालो. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, आणि मी गप्प!

घरी सुनंदालाही बदकच सांगितलं. मेथी निवडता निवडता, वर न बघता बायको म्हणाली, "पांढऱ्या मानेचं?"

"तुला कसं माहीत?"

"गुरुवारपासून बघतेय. तुम्हाला सांगितलं असतं, तर तुमच्या पेपरातल्या सदरात छापून आली असती बिचारी."

राग यायला हवा होता. आला नाही. उद्या पहाटे दोघं जाणार, काकांच्या आधी. सदरात नगरसेवकांवरच लिहीन, त्यांना बघायला कुणी गर्दी करत नाही.

डोळे मिटले की ती पांढरी मान वर येते. भलतीकडेच.