निळ्या किनारीची चादर

वेंडेल,

टिलीचं हॅलोविनचं सोंग खुर्चीवर ठेवलंय. विकतचं परवडणारं नव्हतं, म्हणून तुझ्या आईची निळ्या किनारीची जुनी चादर मधोमध कापली आणि एका अर्ध्याला डोळ्यांपुरती भोकं पाडली. झालं भूत! टिली शेजारी ऑड्रीकडे आहे. सहाला सगळ्यांचे पोर्चचे दिवे लागले की तिला घरोघरी खाऊ मागायला ने. माझी दवाखान्यात ड्यूटी आहे, नाहीतर मीच गेले असते.

तिचा हात सोडू नकोस. दुपारी शाळेच्या मैदानातल्या मिरवणुकीत निळ्या किनारीची दोन भुतं होती, एकाच उंचीची. मी "टिली!" म्हणून हाक मारली, तर दोघांनीही वळून पाहिलं. घरी येताना टिली म्हणाली, "आई, ती सारखी माझ्या मागेमागे येते गं. बोलत काहीच नाही, येडी कुठली!"

तू म्हणशील, तुझं आपलं काहीतरीच, मॅरेन. म्हण. पण टिलीच्या उजव्या पायात लाल मोजा घाल. परतल्यावर आधी मोजा बघ, चादर उचलून तोंड बघ, मगच आत घे.

उरलेली अर्धी चादर कपाटात घडी करून ठेवली होती. आत्ता उघडून पाहिली. तिला मी भोकं पाडलीच नव्हती, तरी तिलाही दोन डोळे आहेत, आणि किनारीला मैदानातली ओली पानं चिकटलीत.

कपाटाला कुलूप लावून किल्ली बरोबर नेतेय. तरीही मोजा बघच.

मॅरेन