सहा पडद्यांवर माझं नाव

५ जानेवारी १९९८, सावदा
केळी संघात सहा कॉम्प्युटर आले. चेअरमन जीवराम आबांनी सगळं माझ्यावर सोपवलं. हिशेबाचं सॉफ्टवेअर एकाच मशीनपुरतं घेतलंय. सुरू करताना ते नाव विचारतं. संघाचं नाव फार लांब. माझं टाकलं : लता चौधरी. तात्पुरतं.

७ जानेवारी
जळगावहून कॉम्प्युटरवाला अभिमन आला. एका मशीनची डिस्क जशीच्या तशी बाकी पाचांवर उतरवता येते म्हणाला. म्हटलं, उतरव. मग कुरकुरला, मॅडम, लायसन एकाचंच आहे. मी शांतपणे समजावलं. सासऱ्यांनी एका बागेतले केळीचे कंद रावेरपर्यंत सगळ्या सोयऱ्यांना वाटले, कुणाचं लायसन लागलं? मुकाट कामाला लागला. पटलं असावं.

८ जानेवारी
सहाही सुरू. सहाही पडद्यांवर माझं नाव! क्लार्क झुलाल म्हणतो, ‘‘अक्का, विलेक्शनले उभ्या ऱ्हाता का काय?’’ जळतो मेला. उद्यापासून त्याच्याशी कामापुरतंच बोलायचं.

१२ जानेवारी
आबांनी विचारलं, लताबाई, हे सारं रीतसर हाये ना? हो म्हटलं. रीतसर म्हणजे नीट चालतंय, अशा अर्थाने. बाकीची लायसन मार्चनंतर मागवायचीच आहेत.

१९ जानेवारी
पुण्याला कंपनीत फोन केला. ट्रेनिंगला माणूस पाठवा, सहा मशीन आहेत. तिकडची बाई म्हणाली, सहा? मी म्हटलं, सहा. मग संघाचा पत्ता दोनदा विचारून लिहून घेतला. आमचा पसारा ऐकून दबली असावी.

२७ जानेवारी, दुपार
कंपनीचा माणूस आला. हारतुऱ्याची तयारी मीच केली होती. त्याने एकेक मशीन सुरू केलं. सहाव्यानंतर विचारलं, लता चौधरी कोण?
मी पाणी आणायला गेले. त्याला पाणी दिलंच नव्हतं.
परत आले तर आबा टोपी हातात घेऊन त्याच्यासमोर उभे. ‘‘तिले काय इचारता, साहेब? म्याच सांगतलं व्हतं.’’
आबांना कॉम्प्युटर सुरूसुद्धा करता येत नाही. मला बोलायचं होतं. हातात ग्लास होता.

त्याच दिवशी, संध्याकाळ
कंपनीच्या माणसाने पाच मशीनवरचं सॉफ्टवेअर पुसून टाकलं. आबांनी सगळ्या स्टाफसमोर माफी मागितली. झुलालने आज थट्टा केली नाही. केली असती तर बरं झालं असतं. उद्या आल्या आल्या आबांना खरं काय ते सांगायचं. नक्की.

२८ जानेवारी
आबा लवकरच आले. उरलेलं एक मशीन मी सुरू करत होते. माझ्यामागे उभे राहिले. ‘‘इंग्रजीत काय लिवलं हाये, बाई?’’
मी म्हटलं, संघाचं नाव आहे, आबा.
त्यांनी पडद्यावरच्या त्या दोनच शब्दांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, ‘‘बरं दिसते.’’