फ्रिजच्या खोक्यातलं घर

अहो,

तुम्हाला उठवलं नाही, ड्युटीवर निघाले. काल आपलं भांडण झाल्यापासून चिमी फ्रिजच्या खोक्यातच आहे. ते आवरायला जाऊ नका. तिनं खिडक्या कापल्यात, पुठ्ठ्याच्या नळीचं धुराडं लावलंय, खाचेत खाच अडकवून दार बसवलंय, तुम्ही कारखान्यात खोक्यांचे नमुने करता अगदी तसं. दूधही खिडकीतूनच घेतलं.

"आत येऊ का गं?" विचारलं, तर म्हणाली, "इथे आवाज चढवायचा नाही. बाबांनाही सांग."

कबूल केलं, तेव्हा दार उघडलं. गुडघे पोटाशी घेऊन बसले जरा वेळ.

तुम्ही मावणार नाही, म्हणून ती आता मागची भिंत कापून टीव्हीचं खोकं जोडतेय. कात्री बोथट आहे. उठलात की मदत हवी का विचारा, हळू आवाजात.