काकूंनी जपलेली नेपती

शनिवार, १४ ऑक्टोबर २००६. वॉटफर्ड, इंग्लंड, संध्याकाळी साडेसहा. रीडिंग शहरातलं तीन आठवड्यांचं काम संपवून परत आलो आणि आधी नेपतीची कुंडी उपसली. मुळं कुजून काळी पडलीत, बोट लागताच सुटतात.

घरमालकीण काकू म्हणाल्या, "अरे, एक पान नव्हतं तिला. म्हटलं हिटिंगनं वाळली बिचारी. रोज पाणी घातलं."

नेपतीला पानं जवळजवळ नसतातच. वाळवंटी झुडूप. हे मी सांगायला हवं होतं. गावच्या माळावर ती माती धरून ठेवायची, तिच्या काट्यांआड शेळ्यांपासून वाचून बोरीची रोपं वाढायची. तिथे आता प्लॉट पाडलेत. दादा फोनवर म्हणाला, दारं लावली तरी ताटात धूळ येते. बी मागितलं, तर म्हणाला, कुठून आणू?

रोप परत कुंडीत लावलं आणि काकूंना म्हटलं, फुटेल परत. त्यांनी लगेच तांब्या उचलला. मी अडवलं नाही.