अंगण वाटून घ्यायचं नाही

मी, खाली सही करणारी बाई, शाळा चौथीपर्यंत, डोकं ठिकाणावर, कोणाच्याही दडपणाशिवाय स्वखुशीने हे लिहून ठेवते. खुशी जरा जास्तच आहे, कारण काल माझ्या धाकट्याचा संघ जिंकला. वकीलबाई म्हणाल्या, आजी, दम धरा, मृत्युपत्र आहे.

१. वरचा मजला थोरल्याला, खालच्या खोल्या धाकट्याला. जिन्यावरून भांडू नये.

२. मागचं अंगण कोणाच्याच वाट्याला नाही. ते व्हॉलीबॉलवाल्यांचं, म्हणजे धाकटा आणि त्याच्यासारखे दारू सोडलेले जे तिथे खेळतात त्यांचं. फाटकाची किल्ली त्यांच्यातल्या प्लंबरकडे राहील. थोरल्याला तिथे गॅरेज हवंय. बाळा, तुझी गाडी रस्त्यावर उभी राहिली तर काही बिघडत नाही. तुझा भाऊ रस्त्यावर पडलेला असायचा, ते आठव.

धाकटा उपचार घेऊन परतला, तेव्हा संध्याकाळ झाली की पिंजऱ्यात कोंडल्यासारखा फेऱ्या मारायचा. प्लंबर, तोही पूर्वीचा पिणारा, बॉल घेऊन आला. नेट बांधली माझ्या कपड्यांच्या दोरीच्या उंचीला, कारण खिळे तिथेच होते. मग काय, जो तो स्मॅश मारतोय! सगळे बाहेर पहिल्या सामन्याला गेले आणि खरी नेट बघून प्लंबर म्हणाला, "ही भिंत कोणी बांधली?" असे सडकून हरले की मी हसून हसून बाकावरून पडले. पूर्वी हार झाली की धाकट्याचे पाय गुत्त्याकडे वळायचे. त्या दिवशी घरी येऊन खिळे वर ठोकत बसला.

३. जाऊबाईंना माझी सगळी पातेली. झाकणं नाहीत. "बेवडा कधी सुधारतो का," म्हणाल्या होत्या. एक सामना शेवटपर्यंत बसून बघावा, मग झाकणंही न्यावीत.

४. मी जाईन त्या संध्याकाळी खेळ बंद ठेवायचा नाही. रडायला सकाळ आहे. काल जिंकून आल्यावर माझे पाय चेपता चेपता धाकटा हळूच म्हणाला, "आई, तू गेल्यावर मी पुन्हा प्यायलो तर?"

"तर दुसऱ्या दिवशी अंगणात यायचं," मी म्हटलं.

त्या खेळणाऱ्यांच्यात रीतच आहे. पाय घसरलेल्याला कोणी काही विचारत नाही, पहिली सर्व्हिस त्याच्या हातात देतात. ही रीत माझ्यामागेही चालू ठेवावी. वकीलबाई म्हणतात, हे कलम कायद्यात बसत नाही. नाही बसलं तर नाही. धाकट्याला वाचता येतं ना?

सही: दोघांची आई, तिघांची आजी
साक्षीदार: १. समोरच्या डॉक्टरीणबाई
२. बेकरीवाला, काल हरलेल्या संघाचा कप्तान (तोंड पाडून सही केली)
ठिकाण: अंगणातला बाक
तारीख: ११ मार्च, सोमवार