दुधाच्या रिकाम्या बाटल्या

निपाणी,
मंगळवार

प्रिय आई,

सोमवारी येऊ नकोस असं मी म्हणणार नाही. ये. पण अंजनीला शहापूरला घेऊन जायचं मनात धरून येणार असशील, तर पिशवीत तिच्या दुपट्यांसाठी जागा ठेवू नकोस. ती येणार नाही. पावडरचा डबाही आणू नकोस. हे फोनवर सांगायचा मी दोनदा प्रयत्न केला. पहिल्यांदा तुमच्या घराखालचे माग चालू होते, तू फोन स्पीकरवर टाकलास, आणि माझ्या दुधाची गोष्ट अर्ध्या गल्लीनं ऐकली. दुसऱ्यांदा माझा आवाज चढला, तर तू म्हणालीस, "ओरडू नको गं, अंगावर पाजणाऱ्या बाईनं रागवू नये, दूध नासतंय." यावर माणसानं काय बोलावं? म्हणून लिहिते आहे. कागदावर मध्येच कुणी "बरं बरं, बघू" म्हणत नाही. मी रागावलेली आहे, हे आधीच सांगते. दूध नासलेलं नाही.

गेले दोन महिने मी एकच शब्द ऐकते आहे. कमी. सासूबाईंनी तो हळू आवाजात म्हटला, स्वयंपाकघरात, रविराजला ऐकू जाईल एवढ्या हळू. कॉलेजातल्या जयाबाईंनी चहा देताना म्हटला, आणि वर हळीव किती घालायचे तेही सांगितलं. रविराजनं म्हटला नाही. तो एका संध्याकाळी मला न विचारता डबा घेऊन आला आणि फळीवर ठेवला. "असू दे, लागला तर," म्हणाला. तो डबा अजून तिथंच आहे. रोज सकाळी मी चहापत्ती काढते तेव्हा तो दिसतो. त्यावर एक गुटगुटीत बाळ आहे आणि खाली तक्ता आहे: इतक्या महिन्यांच्या बाळाला इतकं, पुढच्या महिन्यात त्याहून जास्त, त्याच्या पुढं आणखी जास्त. आणि सगळ्यांच्या आधी, आई, तो शब्द तू म्हणालीस. अंजनी पाच दिवसांची होती. माझ्या अंगावर नीट दूध उतरलंही नव्हतं. तू तिच्याकडं बघून म्हणालीस, "आमच्यात बायकांस्नी दूध कमीच. माझंबी तसंच झाल्तं."

पुढचं तुला तुकड्यातुकड्यानं माहीत आहे. कॉलेजात मी अतिथी प्राध्यापक. अतिथीला रजा मिळत नाही, फार दिवस घरी बसलं तर पाहुणाच दुसरा येतो. अंजनीला चौथा महिना लागला तेव्हा मी परत रुजू झाले आणि तिला मालुबाईंकडं ठेवायला लागले. मालुबाई आपल्याच सोप्यात चार-पाच पोरं सांभाळतात. पोरं स्वच्छ असतात, हसत असतात. मी कॉलेजात मधल्या सुट्टीत मोडक्या बाकांच्या खोलीत दार लावून बसते, पंपानं दूध काढते आणि कर्मचाऱ्यांच्या फ्रिजमध्ये कुणाच्या तरी ताकाशेजारी ठेवते. दाराची कडी नीट लागत नाही, म्हणून पाठ दाराला टेकून बसते. दुसऱ्या दिवशी तेच दूध बाटल्यांत भरून मालुबाईंकडं जातं. संध्याकाळी बाटल्या रिकाम्या येतात. धुऊन, उकळून, फडक्यात गुंडाळून. एक थेंब उरलेला नसतो.

रिकामी बाटली बघून आईला काय वाटेल? पोरीला पुरलं नाही, असंच. मी दुसऱ्या दिवशी थोडं जास्त पाठवलं. तीही रिकामी आली. आणखी पाठवलं. तीही. पहाटे उठून काढायला लागले, जेवताना काढायला लागले, रविवारी ती झोपली की काढायला लागले. हळीव खाल्ले, मेथी खाल्ली, तू पाठवलेले डिंकाचे लाडू खाल्ले. पंपात येईल तेवढंच यायचं आणि बाटल्या मात्र रिकाम्याच यायच्या. आणि संध्याकाळी मी तिला जवळ घेतलं की ती तोंड फिरवायची. दोन घोट घ्यायची, पाठ ताठ करायची आणि रडायची. कधी छातीशी धरताच भडाभडा ओकायची. माझ्या पदराला तिचा गाल लागला की मला धास्ती वाटायची, आता ही तोंड फिरवणार. आई, दिवसभर ज्यासाठी जीव काढायचा ते लेकरू समोर धरावं आणि त्यानं मान वळवावी, हे कसं असतं ते तुला मी सांगायला नको. सासूबाई म्हणाल्या, "येतच नसंल काही, म्हणून रडतिया." तू म्हणालीस, "मग हट्ट कशाला? माझ्याकडं दे. नोकरी तरी नीट कर." मी तुझं ऐकायच्या बेतात होते. फळीवरच्या डब्याचं झाकण एकदा नखानं उचकटूनही पाहिलं.

मग गेल्या महिन्यात बंद झाला. दुकानं सकाळीच मिटली आणि कॉलेज लवकर सोडलं. बस नव्हत्या, मी चालत भर दुपारी मालुबाईंच्या दारात आले. त्या सोप्यात बसल्या होत्या, मांडीवर अंजनी. बाटलीत तळाला थोडं उरलेलं. अंजनीनं ओठ गच्च मिटले होते आणि मान एकदा इकडं, एकदा तिकडं फिरवत होती. दूध हनुवटीवरून गळ्यात ओघळत होतं. मालुबाई तिच्या गालावर बोट टिचकावत होत्या, "एवढंच ऱ्हायलंय गं माझे बये, आईनं कॉलेजातनं धाडलंय, टाकायचं न्हाय." आणि तोंड जरा उघडलं की बाटली आत. माझ्या डोळ्यांदेखत तिनं ते घेतलं, आणि माझ्या डोळ्यांदेखत ते सगळं ओकली.

मी ओरडले. गल्लीतल्या बायका दारात आल्या. मी म्हणाले, पोट भरलंय तिचं, दिसत नाही का तुम्हाला? मालुबाईंना माझ्या रागाचं कारणच समजेना. त्यांना वाटलं मी ओकण्यावरून बोलते आहे. "ओकतात की पोरं," त्या म्हणाल्या, "पर मी थेंब वाया घालवला न्हाय बघा तुमचा." मग हळूहळू त्यांचं म्हणणं कळलं. अंगावरचं दूध मोरीत ओतायचं नाही. त्याला मुंग्या लागल्या तर आईचं दूध आटतं. परत पाठवलं तर मी घरी मोरीत ओतणार, शिकलेल्या बायकांचा भरवसा नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून, मी जेवढं पाठवीन तेवढं त्यांनी पोरीच्या पोटात घातलं. कशासाठी? माझं दूध टिकावं म्हणून! मी जास्त पाठवलं की त्यांना वाटायचं, बाईला दूध उदंड आहे, पोरगी नशीबवान. त्या बाटली रिकामी करत होत्या म्हणून मी भरत होते, आणि मी भरत होते म्हणून त्या रिकामी करत होत्या. मधे पोरगी ओकत होती. आणि सगळं गाव म्हणत होतं, आईचं दूध कमी.

मला हसू आलं नाही. आजही येत नाही. मालुबाईंवरचा राग दुसऱ्या दिवशी गेला, पण बाकीचा गेला नाही. बाळंतपणात माझं पिळून काढलेलं दूध तूही मोरीत ओतू दिलं नव्हतंस. वाटीत धरून बाहेर पेरूच्या झाडाला घालायला लावलंस. मला माहीत होतं सगळं. तरी रिकाम्या बाटलीचा हा अर्थ मला सुचला नाही, कारण "कमी" हा अर्थ आधीच सगळ्यांनी माझ्या हातात देऊन ठेवला होता.

मुलांच्या डॉक्टरांकडं गेले. त्यांनी अंजनीचं वजन केलं आणि विचारलं, कमी कुठं आहे? मग सांगितलं ते लिहिते, कारण तू ते फोनवर ऐकून घेतलं नाहीस. अंगावरच्या दुधावर वाढणाऱ्या बाळाला महिन्यामहिन्याला दूध वाढवत न्यावं लागत नाही. पहिल्या महिन्यानंतर सहाव्यापर्यंत ते जवळपास तेवढंच पितं. डब्यावरचा तक्ता डब्यातल्या पावडरीचा आहे, तो माझ्या दुधाला लावायचा नाही. आई दूर असेल त्या प्रत्येक तासाला साधारण तीस-चाळीस मिली पुरतं. मी त्याच्या जवळजवळ दुप्पट पाठवत होते. एकदम मोठी बाटली द्यायची नाही, थोडं थोडं द्यायचं. बाळाला उठतं धरायचं, मधे थांबायचं, तोंड फिरवलं की संपलं. प्रत्येक रडणं भुकेचं नसतं. आणि आई यायच्या आधीचा तासभर शक्यतो पाजायचं नाही, म्हणजे ती आईकडं भुकेली येते.

हे मी मालुबाईंना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, फक्त उरलेल्या थेंबांवर अडून बसल्या. मी म्हटलं तुळशीला घाला. त्या म्हणाल्या, "उष्टं? तुळशीला? काय बोलता बाई!" शेवटी मागच्या दारच्या कढीपत्त्यावर जमलं. उरेल ते त्याच्या बुडाला, वर तांब्याभर पाणी, म्हणजे मुंग्या लागणार नाहीत. आता लहान लहान बाटल्या जातात आणि बहुतेकींत थोडं उरतं. मालुबाई मला दारातच सांगतात, "आज तुमच्या पोरीनं झाडाला लई पाजलं." संध्याकाळी अंजनी मला बघून हातपाय झाडते. मी पायातलं काढायच्या आत तिला पदराखाली घ्यावं लागतं. ती पिते तेव्हा तिचा एक हात माझ्या गळ्यातल्या साखळीत असतो. ओकत नाही. पहाटेचा पंप मी बंद केला आहे. कमी काही नव्हतंच. मी आता झोपते.

हे सगळं एवढं सविस्तर का लिहिलं? अंजनीसाठी नाही. तिचं आता ठीक चाललं आहे. डॉक्टर बोलत होत्या तेव्हा मी एका वाक्याशी थांबले. बाळाला आई यायच्या आधी पोटभर पाजलं, तर ते आईकडं पीत नाही. मला आक्का आठवली. स्वरूपाआक्काची गोष्ट तू आम्हाला कितीदा सांगितलीस, आणि दर वेळी स्वतःला दोष देऊन. तू मागावर बसायचीस, आजी आत तिला बोंडल्यानं गाईचं दूध पाजायची. तू मागावरची साडी उतरवून आत येईपर्यंत ती झोपलेली असायची. उठवून जवळ घेतलंस की तोंड फिरवायची. आजी म्हणाली, हिला दूध न्हाय. मग आक्काला उचगावला मामांकडं नेलं, म्हशीच्या दुधावर, आणि ती शाळेत घालायच्या वयाची झाल्यावर परत आली. आजही ती आपल्या घराला "शहापूरचं घर" म्हणते. तुला हाक मारायच्या आधी थोडी थांबते. तुला ते दर वेळी दिसतं, आणि मला तू बघताना दिसतेस. माझ्या वेळी आजी नव्हती. माझी झोळी तू मागाच्या शेजारीच टांगलीस आणि मला दोन वर्षं पाजलंस. लोक म्हणाले, दुसऱ्या खेपेला दूध चांगलं आलं. तूही तेच म्हणतेस. अंग तेच, बाई तीच, मग दूध कुठून आलं, हे कुणीही विचारलं नाही. आणि आणखी एक तूच मला एकटीला सांगितलेलं, हसत सांगितलेलं. आक्काच्या वेळी मागावर बसताना तू छातीला जुन्या लुगड्याचा पट्टा आवळून बांधायचीस. दुपारपर्यंत तो भिजायचा, मग दुसरा बांधायचीस. कशासाठी, तर दूध गळून रेशमावर डाग पडू नये म्हणून. आई, जिचं दूध आटलेलं असतं तिला पट्टा बांधावा लागतो का? तुझं दूध कमी नव्हतं. एक दिवसही नव्हतं. तुझ्याकडून लेक नेली ती खोटं कारण सांगून नेली, आणि तू ते खोटं सगळं आयुष्य खरं मानून वागवलंस, आणि आता तेच माझ्या लेकीसाठी घेऊन सोमवारी येते आहेस. म्हणून हे पत्र. ये, चार दिवस राहा, अंजनीला भुकेली असताना माझ्याकडं झेपावताना बघ. परत जाताना उचगावला वाढलेल्या तुझ्या थोरल्या लेकीकडं जा. आक्काला मी काही सांगितलेलं नाही. पट्ट्याची गोष्ट तिला माहीत नाही. ती तू सांग.

तुझ्याच दुधावर वाढलेली, तुझीच
रचना